अनुभव धागा: वस्तीतल्या हायस्कुलात शिकवायला गेलंय का कोणी?

रिकामटेकडी
रद्दी काढताना भूमितीचं जुनं 'अपेक्षित' सापडलं. मागच्या पानावर पेन्सिलीचा त्रिकोण आणि शेजारी अंगठ्याचा काळाकुट्ट ठसा. कुणाचा ते लगेच कळलं.

लग्नाआधी ऑफिस सुटल्यावर गोवंडीच्या एका रात्रशाळेत दहावीला गणित शिकवायला जायचे. साडेसहाला शाळा भरायची. कोणी जरीकामाला, कोणी वडापावच्या गाडीवर, हा गॅरेजात. बाक दिवसाच्या शाळेतल्या चिल्ल्यापिल्ल्यांचे, त्यात या बाप्यांचे गुडघे मावायचे नाहीत. याच्या नखातलं ऑइल काही केल्या जायचं नाही, म्हणून कागदाचा कपटा मधे घेऊन कंपास धरायचा. स्पर्शिका मात्र अशी काढायचा की मी त्याचीच वही वर्गभर फिरवायचे. 'बाकोबा कसोटी' म्हटलं की मागून आरोळी, "बाबाबा!" की संपला तास.

तुमचंही लिहा. नुसता केक कापून आला असाल तरी लिहा, हसू.

कोथिंबीर_जुडी
बाबाबा 😂😂 कुकर लावलाय, येते.

निरगाठ
दहावीपर्यंत पोचली ती पोरं निम्मी जिंकलेलीच. खरी गळती नववीत. मानखुर्दला शनिवारी नववीला जायचो. आरटीई आठवीपर्यंत, खिचडीही आठवीपर्यंत. तोवर नापासही करत नसत. नववीत सगळं एकदम अंगावर येतं. एक मुलगी जोडाक्षराला अडखळायची आणि पुढ्यात काय, तर बहुपदी. बहुपदी ठेवली बाजूला, महिनाभर पेपरातल्या बातम्या वाचून घेतल्या. त्यात टँकर आला की मुली गायब, हंडे लावायला. हजेरीपटावर 'गैरहजर'. पाण्याचा रकाना नसतो ना पटात.

मीठभाकर
खिचडीचं नाव काढू नका हो, भूक लागली. आमच्या झेडपीच्या शाळेतल्या मावशी मटकीची उसळ करायच्या, तशी घरी कधी झाली नाही.

कोथिंबीर_जुडी
मीठभाकर, मटकीला मोड जास्त येऊ द्यायचे नाहीत, एवढंच.

सातासमुद्रा
इकडे न्यू जर्सीत लेकीला कॉलेजच्या अर्जात समाजसेवेचे तास दाखवायचेत, म्हणून नेवार्कच्या एका हायस्कुलात बीजगणित शिकवायला जाते. पहिल्याच दिवशी एका मुलाने विचारलं, "तू किती आठवडे आहेस?" आल्यापासून गप्पच आहे ती.

डबल_शिफ्ट
सातासमुद्रा, बरोबर विचारलं पोराने. आमची कंपनी दर वर्षी येरवड्याच्या एका शाळेत भिंत रंगवते. तीच भिंत. हेडबाई म्हणाल्या, यंदा रंग नको, मुलींच्या संडासाला दार बसवून द्या. उत्तर काय, तर "ते वेगळ्या हेडखाली येतं." फोटो काढले, सामोसे खाल्ले, परत. शेवटी आम्ही चौघांनी वर्गणी काढून सुतार पाठवला.

रिकामटेकडी
दार!! किती साधी गोष्ट. वयात आलेल्या मुली तेवढ्यासाठी घरी बसतात.

पेठेतला
अवांतर: जोतिराव-सावित्रीबाईंनी १८५५ साली पुण्यात शेतकरी-कामकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली होती. चालू द्या.

निरगाठ
पेठेतला, अवांतर कसलं, विषयच तो आहे. आणि अजून रात्रशाळा लागतात, हे बघा.

मीठभाकर
त्या गॅरेजवाल्याचं काय झालं पण?

रिकामटेकडी
मार्चला इंग्रजी राहिलं, ऑक्टोबरला काढलं. गणितात मात्र पहिल्या फटक्यात एकसष्ट. पेढे घेऊन आला तर शेठने अर्धी रजा कापली म्हणे. पुढे नंबर बदलला त्याचा.

उंबरठा
ठाण्यात कुठे जाता येईल? विज्ञान जमेल. गणित नको, हात जोडते.

निरगाठ
जवळच्या रात्रशाळेत संध्याकाळी सरळ मुख्याध्यापकांना जाऊन भेटा. जानेवारीत नको, पूर्वपरीक्षेची धांदल असते. जूनमध्ये जा. गणपतीत पट निम्मा होतो, मनाला लावून घेऊ नका, गावाला गेलेले असतात. इंग्रजी येत असेल तर सोडणारच नाहीत, त्याला माणूस मिळत नाही.

उंबरठा
इंग्रजीला मीच बाकावर बसते 😄 विज्ञान पक्कं. जूनची आठवण कोणीतरी करा रे.