चिरंजीवांनी दोनाचा आठ केला. शाळेत जाऊन खरं सांगू का?

मासुंदाकाठचा

मुलगा नववीत आहे, ठाण्यातल्याच एका मराठी शाळेत. वर्गाचा मॉनिटर. म्हणजे होता.

दहावीचा निरोप समारंभ नववीने करायचा, ही त्यांच्याकडची जुनी रीत. माणशी दीडशे रुपये वर्गणी, पट ४२चा, म्हणजे ६३०० जमायला हवे होते. जमले ५७००. चौघांनी दिले नाहीत. का दिले नाहीत ते त्यांच्या डब्याकडे बघून कळतं, असं चिरंजीव म्हणतात. दर शुक्रवारी शेवटच्या तासाला यादी वाचली जायची आणि ज्याची वर्गणी बाकी त्याने उभं राहायचं. दोन शुक्रवार ते चौघे उभे राहिले. तिसऱ्या शुक्रवारी कोणीच उभं राहिलं नाही, कारण वही ह्याच्याकडे आणि ह्याने त्या चौघांपुढे 'बरोबर'ची खूण करून टाकली होती.

आता वहीत ६३०० आणि हातात ५७००. समारंभ ५७००मध्येच उरकला, पण हिशेब जुळवायला ६०० कुठेतरी जायला हवे होते ना? जांभळी नाक्यावरून फुगे, रिबिनी, क्रेप कागद आणले होते, त्याची कच्ची पावती २४०ची. इंग्रजी आकड्यातल्या दोनाचा ह्याने आठ केला. ८४०. ती पावती मी पाहिली आहे. दुकानदाराचे आकडे सडपातळ आणि मधेच हा एक ढेरपोट्या आठ. आधी हसू आलं, मग पोटात गोळा आला.

खरेदीला बरोबर गेलेली मुलगी हिशेब वाचला जाताना उठून म्हणाली, "सर, २४० झाले होते." सहाशे कुठे गेले, सरांनी विचारलं. हा म्हणाला, "माझ्याकडून खर्च झाले."

मॉनिटरपद गेलं. सहाशे भरा म्हणून चिठ्ठी आली, मी भरले. आणि वर्गात पोराचं नाव पडलं 'सहाशे'. हजेरीत ह्याचा नंबर आला की मागच्या बाकावरून आवाज येतो.

खरं काय ते चार दिवसांनी आईला सांगितलं, मला नाही. वर शपथ घातली की शाळेत बोलायचं नाही, कारण बोललं की पहिला प्रश्न येणार, 'कोण ते चौघे?' शपथ मोडून सरांना भेटावं का? मंडळी, मतं हवीत. गोड बोलू नका.

हिशेबनीस

गोड बोलत नाही. मुलाने दोन गुन्हे केलेत आणि तुम्ही त्यातल्या एकाच्या प्रेमात पडला आहात. वहीत खोटी जमा दाखवली ती दयेपोटी, ठीक. पण पावती खाडाखोड करून फुगवणं ही निराळी गोष्ट आहे. अठ्ठावीस वर्षं ऑडिट करतोय. पावतीतला आकडा बदलणाऱ्या प्रत्येकाकडे सांगण्यासारखं कारण असतं. बायकोचं आजारपण, कामगारांचा बोनस, साहेबांची अडचण. पहिला आठ नेहमी चांगल्या कामासाठीच काढला जातो.

सरळ मार्ग होता. वर्गात उभं राहून म्हणायचं, "३८ जणांचे आलेत, ५७००मध्ये करूया." हात वर करून मंजूर झालं असतं.

वर्तकनगरवाली

झालं असतं हो! आणि 'उरलेले चौघे कोण' हे बेचाळीस जणांना दोन शुक्रवार बघून आधीच पाठ झालं होतं ना!

मला ह्या धाग्यात गुन्हेगार एकच दिसतोय, ती शुक्रवारची यादी. आमच्या सोसायटीत मेंटेनन्सच्या थकबाकीदारांची नावं लिफ्टशेजारी लावतात. चाळिशीतली माणसं ते चुकवायला जिन्याने चढतात. इथे तर चौदा-पंधरा वर्षांची पोरं, आणि त्यांना जिनाही नाही. शाळा म्हणजे पठाणी सावकार आहे का?

पोराने चार जणांना बसू दिलं. मला तो आवडला. मॉनिटरपद गेलं तर गेलं.

ऐरोलीहून

त्या मुलीबद्दल कोणीच कसं बोलत नाही?

तिला चौघांचं काहीही माहीत नव्हतं. तिने २४० दिले होते, वाचले गेले ८४०. ती बोलली, भर वर्गात, मॉनिटरच्या विरोधात, उठून. आता तिची काय अवस्था आहे? मी पैज लावते की तिला 'चहाडखोर' म्हणतात आणि डब्याला एकटी बसवतात. तुमच्या मुलाला निदान घरी सहानुभूती मिळते आहे.

प्रामाणिकपणा म्हणतात तो ह्या गोष्टीत एकाच मुलीने दाखवला, आणि धाग्यात तिला अर्धं वाक्य.

मासुंदाकाठचा

@ऐरोलीहून, पैज जिंकलात. काल विचारलं. डब्याचं नाही, पण ती मुलगी आता रिक्षाला एकटी उभी असते म्हणे. आधी चौघी मिळून शेअर रिक्षाने जायच्या. हे मला सुचलंच नव्हतं. खरंच.

कोपरीकर

सगळ्यांनी लहानपणी टिळकांची गोष्ट ऐकली आहे. 'मी शेंगा खाल्ल्या नाहीत, मी टरफलं उचलणार नाही.' हा मुलगा उलटा निघाला. न खाल्लेल्या शेंगांची टरफलं उचलतोय, वर म्हणतोय मीच खाल्ल्या. हा मोठेपणा नाही, हा हुतात्मा होण्याचा छंद आहे. ह्या वयात असतो. आम्हीही वर्गात दुसऱ्याची छडी खाऊन हिरो झालो होतो.

पण इथे त्याचा उपयोग काय झाला? सरांना वाटतंय मुलगा चोर. वर्गाला वाटतंय मॉनिटर पैसे खातात. खरेदीला गेलेल्या मुलीला वाटतंय आपण एक चोर पकडला. तिघांचाही समज खोटा, आणि तो ह्याने करून दिलेला. चार जणांची लाज झाकायला अडतीस जणांना खोट्यात ठेवलं. बापाने जावं आणि सांगावं. शपथ वगैरे सोडा.

निवृत्त बाई

एकतीस वर्षं शिकवलं आहे, तेव्हा थोडं शाळेच्या बाजूनेही ऐका. यादी वाचणारे सर राक्षस नसतात. वर्गशिक्षकाच्या डोक्यावर साठ-साठ कामं असतात, वरून 'पैसे जमले का' म्हणून दोनदा शिपाई येतो, आणि यादी वाचून उभं करणं हा सगळ्यात कमी वेळ खाणारा उपाय असतो. मीही केलं आहे. आज लाज वाटते.

शिक्षण हक्क कायद्याच्या (२००९) कलम १७ने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळही बंद केला आहे. पण तो कायदा ६ ते १४ वयाचा. नववीतला पंधरा वर्षांचा मुलगा कागदावर त्याच्या बाहेर पडतो. चौदाव्या वाढदिवसानंतर उभं राहायची लाज कमी वाटते, असं कोणाला वाटलं असेल कोण जाणे.

आणि प्रामाणिकपणाचा विषय निघालाच आहे तर सांगते. दहावीला लेखी ८० आणि शाळेच्या हातातले २० गुण. २०१९च्या परीक्षेला भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे ते २० गुण काढले. निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० वर आला. पुढच्या वर्षी गुण परत दिले, निकाल ९५.३०. आम्ही मोठी माणसं दरवर्षी किती दोनांचे आठ करतो, ते त्या तीन आकड्यांत आहे. पोरं वर्गात बसून हेच बघतात.

हिशेबनीस

बाई, आदर ठेवून. २०१९ला दहावीचा अभ्यासक्रमही नवा होता. आणि २०२०ला करोनामुळे भूगोलाचा पेपरच झाला नाही, सरासरीने गुण दिले. सगळी घसरण आणि सगळी चढण त्या २० गुणांच्या माथी मारता येणार नाही. खोट्या हिशेबावर बोलताना आपला हिशेब तरी पक्का असू द्या :)

निवृत्त बाई

मान्य. सगळी नाही, बरीचशी. मी ते गुण भरायला बसत होते, तुम्ही नव्हता.

दहावीतली

मी ठाण्यातच आहे पण ही शाळा माझी नाही. आमचाही निरोप समारंभ आत्ताच झाला, नववीनेच केला. म्हणून लिहितेय. खरं तर अभ्यास करायला पाहिजे.

आमच्याकडेही यादी वाचतात. वाचताना नाव घेतात आणि थांबतात. ते थांबणं वाईट असतं. मी सातवीत दोनदा उभी राहिले आहे, बाबांचं काम सुटलं होतं तेव्हा. बाकीचे बघत नाहीत, सगळे मुद्दाम वहीत बघतात. ते जास्त वाईट.

पण मला एक सांगायचं आहे. माझ्यापुढे कोणी न विचारता टिक केली असती आणि मग तो माझ्यामुळे चोर ठरला असता, तर मला शाळेत जाववलं नसतं. त्या चौघांना माहीत आहे ना, की आपण पैसे दिले नाहीत आणि तरी टिक आहे? म्हणजे त्यांना सगळं कळलेलं आहे. ते रोज 'सहाशे' ऐकत असतील. त्यांना कोणी विचारलं का?

कोपरीकर

वाचून गप्प झालो.

वर्तकनगरवाली

पोरी, अभ्यासाला बस. पण बरं झालं लिहिलंस.

आता माझं थोडं बदलतं. मी भिशी चालवते, बारा बायका, नऊ वर्षं झाली. एखादीला एखाद्या महिन्यात जमत नाही. मग आधी मला फोन येतो आणि मी विचारते, 'सगळ्यांना सांगू की मी भरून ठेवू?' ती सांगेल तसं. भरून ठेवलं तर माझ्या डायरीत तिच्या नावापुढे माझी सही असते. म्हणजे झाकायचं तरी तिला विचारून, आणि स्वतःच्या पैशाने. मुलाने झाकलं न विचारता आणि पावतीच्या पैशाने. एवढं मात्र चुकलंच.

यादीबद्दलचं माझं मत तेच आहे.

हिशेबनीस

एक गंमत कोणाच्याच लक्षात आली नाही. प्रत्यक्ष खर्च ५७००, जमा ५७००, शिल्लक शून्य. आता बापाने वर ६०० भरले. म्हणजे वर्गाकडे एकूण जमा ६३००. म्हणजे चौघांची वर्गणी आली! मुलाने वहीत केलेल्या त्या चार खुणा आजच्या घडीला खऱ्या आहेत. खोटा आहे तो फक्त आठ.

तेवढा आठ दुरुस्त करा. गणपती मंडळांच्या ताळेबंदात 'गुप्तदान' अशी ओळ असते, तिला कोणी नाव विचारत नाही. तशी एक ओळ: 'गुप्तदान ६००.' मग सजावट २४०, आणि खाली शिल्लक ६००. चौघांची नावं न घेता हिशेब स्वच्छ होतो. पण लिहायचं मुलाने, स्वतःच्या हाताने, सरांसमोर आणि त्या मुलीसमोर. तुम्ही नाही.

ऐरोलीहून

'त्या मुलीसमोर' ह्याला +१००. आणि तिला एवढं तरी सांगायचं की, 'तू बरोबर होतीस.'

कोपरीकर

सर 'कोण ते चौघे' विचारणारच. मग?

हिशेबनीस

मग सांगायचं, 'सांगणार नाही.' 'माझ्याकडून खर्च झाले' म्हणणं वेगळं आणि 'सांगणार नाही' म्हणणं वेगळं.

मासुंदाकाठचा

उशिरा लिहितोय, क्षमस्व. तलावपाळीवर दोन फेऱ्या मारता मारता हा सगळा धागा चिरंजीवांना सांगितला. दहावीतल्या मुलीचा प्रतिसाद मोबाईलवर दाखवला. तो त्याने दोनदा वाचला आणि पाणीपुरी नको म्हणाला, म्हणजे लागलं असावं.

दुसऱ्या दिवशी चौघांतल्या एकाशी बोलला. तो म्हणाला म्हणे, "आम्हाला वाटलं सरांनीच माफ केलं. नंतर कळलं, पण तेव्हा तू आधीच चोर झाला होतास." दोघे म्हणाले नाव सांग, काही नाही होत. दोघे नको म्हणाले. म्हणून कोणाचंच नाही.

शनिवारी सरांकडे गेला. मी गेटबाहेर स्कूटरवर. पावतीवरच्या आठावर काट मारून शेजारी २४० लिहिलं, खाली सही. 'गुप्तदान' शब्दाला सर हसले, पण 'कोण' विचारायचं ते विचारलंच. "सांगणार नाही सर." सर चिडले. मॉनिटरपद परत मिळालं नाही, मी मागितलंही नाही. यादीबद्दल मी निघताना बोललो तर सर म्हणाले, "बघतो." आता सहलीची वर्गणी येईल तेव्हा कळेलच बघितलं की नाही ते.

मुलीशी बोलला. ती म्हणाली, "मला माहितीये मी बरोबर होते." आणि निघून गेली. रिक्षाचं अजून तसंच आहे.

'सहाशे' चालूच आहे.

हिशेबनीस

ते ठीक. ती शिल्लक ६०० सध्या कोणाकडे आहे?

मासुंदाकाठचा

सरांच्या कपाटात, पाकिटात. पोरं टेनिस बॉल मागताहेत, मुली म्हणतात पंख्याचं रेग्युलेटर. मतदान शुक्रवारी, शेवटच्या तासाला.