तिसऱ्यांना मिठाचंच पाणी लागतं

तिसऱ्या (खाण्याचे शिंपले) साध्या पाण्यात तासभर ठेवल्या की वाळू सोडतात, असं एका पाककृतीत वाचलं. ते पटत नाही. समुद्रातल्या तिसऱ्या गोड्या पाण्यात तोंड मिटून बसतात, फार वेळ राहिल्या तर मरतात. आमच्या भंडारा जिल्ह्यातल्या खेड्यात वहिनी माहेराहून, रत्नागिरीहून, ओल्या गोणपाटात गुंडाळून बर्फावर ठेवून आणतात. पहिल्या खेपेला मी त्या विहिरीच्या पाण्यात टाकल्या. रस्सा झकास, पण घासाघासाला कचकच! आता लिटरला ३५ ग्रॅम मीठ, म्हणजे समुद्राइतकंच खारट पाणी करून अंधारात दोन-तीन तास ठेवतो. तळाशी वाळूचा थर बसतो, बघण्यासारखा.

आणि रश्श्यात मीठ आधी घालूच नका. लसूण, आलं, हिरवी मिरची परतून तिसऱ्या टाका, झाकण ठेवा, पाच-सात मिनिटांत उघडतात (न उघडलेल्या फेकायच्या). त्यांचंच खारं पाणी सुटतं, ते फडक्यातून गाळून परत पातेल्यात, वरून भरपूर सांभार (म्हणजे कोथिंबीर). आमच्याकडचा भाजलेल्या खोबऱ्या-खसखशीचा मसाला मात्र यात नको, त्या पाण्याची चव पार बुडते.