कोर्टाचे साहेब (न्यायाधीश) रजेवर असतील तर पक्षकाराला आदल्या दिवशी कळवायला काय हरकत आहे?

वाटपाचा_दावा: आमचा जमिनीच्या वाटपाचा दावा तालुका कोर्टात आहे. गेल्या तारखेला वडिलांचा उलटतपास होता. वय ७८, गुडघे गेलेले, तरी पहाटेच्या एसटीने आले आणि व्हरांड्यातल्या बाकावर बसून राहिले. दुपारी पुकारा झाला तेव्हा कळलं की साहेब रजेवर, पुढची तारीख घ्या. रजा आधीच मंजूर होती म्हणे! मग आम्हाला का सांगितलं नाही? रजा आधी ठरलेली असेल तर साक्षीपुराव्याच्या तारखा आदल्या दिवशीच बदलून मेसेज पाठवणं बंधनकारक करा, एवढंच माझं म्हणणं.

ॲड_पश्चिम_महाराष्ट्र: दादा, त्रास खराय पण राग चुकीच्या माणसावर काढताय. विधी आयोगाने १९८७ लाच सांगितलं होतं की दहा लाख लोकांमागे ५० न्यायाधीश पाहिजेत, आज मंजूर पदं धरली तरी २१-२२ च्या आसपास आहेत. एक साहेब रजेवर गेले की चार्ज ज्यांच्याकडे येतो त्यांचं स्वतःचं बोर्ड (त्या दिवसाच्या केसेसची यादी) फुल असतं, ते रिमांड, जामीन, तातडीचा मनाई अर्ज एवढंच बघणार, तुमचा उलटतपास कधी घेणार?

वाटपाचा_दावा: संख्या कमी आहे हे मान्य, पण मेसेज पाठवायला न्यायाधीश वाढवावे लागत नाहीत ना. ई-कोर्टवर (कोर्टाच्या ऑनलाइन सेवेवर) मोबाइल नंबर दिलाय, पुढची तारीख पडली की मेसेज येतो, म्हणजे सोय आहेच, फक्त एक दिवस आधी वापरा.

निवृत्त_शिरस्तेदार: इतकं सोपं नाही. आदल्या दिवशी तारीख फिरवली आणि दावा लावणाऱ्याला कळलीच नाही तर नव्या तारखेला तो गैरहजर, दावा काढून टाकला जातो, मग तो परत दाखल करून घ्यायला अर्ज, त्यावर समोरच्याचं म्हणणं, त्यात वर्ष जातं. म्हणून ज्या दिवशी नेमलंय त्याच दिवशी पुकारून रोजनाम्यात (कोर्टाच्या रोजच्या नोंदीत) तारीख लिहितात.

सोलापूरची_लेक: काका, मग अशा बदललेल्या पहिल्या तारखेला कोणाचा दावा काढायचा नाही असा नियम करा की. आणि वकीलसाहेब, जरा स्वतःकडेही बघा. माझ्या पोटगीच्या केसमध्ये साहेब कायम हजर, समोरचे वकीलच दरवेळी "दुसऱ्या कोर्टात आहेत"! दिवाणी दाव्यात एका पक्षाला तीनपेक्षा जास्त वेळा तहकुबी (पुढची तारीख) द्यायची नाही असं कायद्यात लिहिलंय, पाळतं कोण?

ॲड_पश्चिम_महाराष्ट्र: ताई, वकील तारखा मागतात, नाकारत नाही. पण धाग्याचा विषय साहेब नसण्याचा आहे. मूळ प्रश्नावर सांगतो, सीपीसी (दिवाणी प्रक्रिया संहिता) ऑर्डर १८ नियम ४ खाली उलटतपास कोर्ट कमिशनरसमोर, म्हणजे कोर्टाने त्या कामासाठी नेमलेल्या माणसासमोर, घेता येतो, साहेब लागतच नाहीत. वडिलांच्या वयाचं कारण देऊन उद्याच अर्ज टाका.

वाटपाचा_दावा: अर्ज टाकतो, धन्यवाद. पण कमिशनरची फी सहसा पक्षकारालाच भरावी लागते. रजा कोर्टाची आणि भुर्दंड आमच्यावर, हे मला पटत नाही.