मदत हवी आहे: ओ-यू-जी-एच असलेले इंग्रजी शब्द मुलांना कसे शिकवावेत?

नमस्कार मंडळी,

गावातल्या आठवी-नववीच्या मुलांना मी संध्याकाळी इंग्रजी शिकवते. सगळी मराठी माध्यमाची, वाचायची भारी हौस असलेली मुलं. पण ज्या शब्दांत ओ, यू, जी, एच ही चार अक्षरं ओळीने येतात, तिथे गाडी हमखास अडते. जाणकारांनी कृपया मार्ग सुचवावा.

मुलं इंग्रजी शब्दाच्या डोक्यावर पेन्सिलीने मराठीत उच्चार लिहून ठेवतात. परवा एका मुलीच्या पुस्तकात खोकल्याच्या शब्दावर 'कॉफ' लिहिलेलं दिसलं. अगदी बरोबर. पण तोच हिशोब लावून तिने पुढे नांगराच्या शब्दावर 'प्लॉफ' आणि भिजवलेल्या कणकेच्या शब्दावर 'डॉफ' लिहिलं होतं. खरं तर प्लाउ आणि डो. पण तिचं चुकलं काय? अक्षरं तीच, क्रमही तोच. जे लिहिलं तेच वाचायचं, या सवयीत वाढलेलं मूल दुसरं काय करणार? तिला नुसतं 'पाठ कर' म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

आतापर्यंत मला जे जमलं ते सांगते. या चार अक्षरांनंतर शब्दाच्या शेवटी टी आला तर काम सोपं आहे, उच्चार 'ऑट'. बॉट म्हणजे विकत घेतलं, ब्रॉट म्हणजे आणलं, थॉट म्हणजे विचार केला, फॉट म्हणजे लढला, सॉट म्हणजे शोधलं. बाय, ब्रिंग, थिंक, फाइट, सीक यांचे हे भूतकाळ, त्यामुळे व्याकरणाचाही अभ्यास होतो. बॉट आणि ब्रॉट यांत मुलं फार गोंधळायची. ब्रिंगमध्ये आर आहे म्हणून ब्रॉटमध्ये आहे, बायमध्ये नाही म्हणून बॉटमध्येही नाही, एवढं सांगितल्यावर तो गोंधळ थांबला. नेमका ड्राउट, म्हणजे दुष्काळ, या गटात बसत नाही. आम्ही मराठवाड्यातले, निबंधात हा शब्द मुलांना लागतोच.

शेवटी टी नसेल तर मात्र काही धरबंध राहत नाही. रफ, टफ, इनफ यांत 'अफ'. कॉफ आणि ट्रॉफ यांत 'ऑफ'. ट्रॉफ म्हणजे गुरांपुढची लांबट गव्हाण. पावसाळ्यात इंग्रजी बातम्यांत 'मान्सून ट्रॉफ' येतो तोही हाच शब्द, मराठी बातमीत त्याला कमी दाबाचा पट्टा म्हणतात. मुलांना हे सांगितलं तेव्हा त्यांचे डोळे चमकले होते. बाउ म्हणजे झाडाची मोठी फांदी, तो प्लाउच्या जोडीला बसतो.

सगळ्यात जास्त त्रास टीएचने सुरू होणाऱ्या चौघांचा आहे: दो (जरी, तरी), थ्रू (मधून, आरपार), थॉट (विचार) आणि थरो (कसून, नीट केलेलं). एखाद-दुसऱ्या अक्षराचा फरक, आणि अर्थ चार दिशांना. वाचताना मुलं एकाच्या जागी दुसरा घेतात आणि अख्ख्या वाक्याचा अर्थ हातातून जातो.

तर माझे प्रश्न असे. हे शब्द उच्चाराचे गट करून शिकवावेत की जसे धड्यात येतील तसे? शेवटचा शब्द थरो लिहू द्यावा की थरा? इंटरनेटवर नांगराचं स्पेलिंग डब्ल्यूने संपलेलं दिसतं, ते चालेल का? आणि एकाच स्पेलिंगचे इतके उच्चार का, याचं या वयाच्या मुलांना पटेल असं कारण कोणी सांगेल का? मुलं हा शेवटचा प्रश्न सारखा विचारतात, आणि त्यांना खरं उत्तर मिळावं असं मला मनापासून वाटतं.

प्रतिसाद:

ताई, कारणापासून सुरुवात करतो, कारण मुलांना तेच हवंय.

जुन्या इंग्रजीत या शब्दांत घशातून घासत निघणारा, आपल्या 'ख'च्या जवळचा आवाज होता. फ्रान्समधून आलेल्या नॉर्मन राजांनी इंग्लंड जिंकल्यानंतर लेखनिक तो जीएच असा लिहू लागले. म्हणजे तेव्हा ही अक्षरं मुकी नव्हती, बोलली जात होती. १४७६ मध्ये कॅक्स्टन नावाच्या मुद्रकाने लंडनजवळच्या वेस्टमिन्स्टरला इंग्लंडमधला पहिला छापखाना काढला, आणि छपाईबरोबर स्पेलिंग हळूहळू पक्कं होत गेलं. बोलणं मात्र बदलतच राहिलं. तो घशातला आवाज काही शब्दांत गळून पडला, काहींत त्याचा फ झाला. आधीचे स्वरही प्रत्येक शब्दात आपापल्या वाटेने गेले. जर्मनांनी तो आवाज टिकवला आहे. इंग्रजी 'नाइट'ला ते 'नाख्ट' म्हणतात, 'डॉटर'ला 'टॉख्टर'. हीच डॉटर म्हणजे आपल्या संस्कृतातली दुहिता, एकाच कुळातले शब्द. फळ्यावर हे तिन्ही शेजारी लिहा, जीएच कुठून आला ते मुलांना दिसेल.

ड्राउटचं मूळ कोरडं या अर्थाच्या 'ड्राय'शी जोडलेलं आहे, तो थॉट-बॉटच्या घरातला नाहीच. म्हणून वेगळा वागतो.

थरा हा ब्रिटिश उच्चार, थरो अमेरिकन. दोन्ही बरोबर, एक धरून चाला. 'नो थरोफेअर' ही पाटी मुलांना दाखवा, तीच मराठीत 'हा आम रस्ता नाही' अशी असते, शब्द लगेच लक्षात राहील. डब्ल्यूचं स्पेलिंग अमेरिकेतलं. आपली पाठ्यपुस्तकं ब्रिटिश वळणाची, तेव्हा परीक्षेत ओयूजीएचच लिहू द्या.

गट कराच, पण सगळे एकदम नको. आधी ऑटवाला गट, कारण तो नियमाने चालतो. मग दो, थ्रू, इनफ, रफ, टफ, कॉफ, कारण वाचनात हे पदोपदी भेटतात. बाउ, ट्रॉफ, डो जेव्हा येतील तेव्हा. त्या चौघांसाठी सुटे शब्द देऊ नका, वाक्यं द्या आणि रिकामी जागा भरायला लावा: 'पाऊस होता ___ आम्ही खेळलो', 'बोगद्या___ गाडी गेली' अशी आधी मराठीत, मग तीच इंग्रजीत. जागा अर्थाने भरली की स्पेलिंगकडे नजर आपोआप जाते. पेन्सिलीचे उच्चार मुळीच बंद करू नका. फक्त एकट्या शब्दावर न लिहिता वहीत त्या शब्दाचं पूर्ण वाक्य आणि त्याखाली उच्चार, असं लिहायला सांगा.

आणि एक. दलदलीसाठी स्लाउ आणि कात टाकण्यासाठी स्लफ, या दोघांचं स्पेलिंग हुबेहूब एक आहे. तो शब्द दहावीनंतरच काढा. उचकीचंही एक ओयूजीएचवालं स्पेलिंग कोशात सापडेल, उच्चार मात्र 'हिकप'. त्याच्या नादी लागू नका, साधं यू-पीने संपणारं शिकवा.