कालियादेह महाल (उज्जैन): 1458 की 1500 नंतर? आणि बेट खाजगी कसं?

लष्करकर, ग्वाल्हेर
शिंदेशाहीतल्या वास्तूंवर मंडळाच्या अंकासाठी टिपण करतोय. भैरवगढच्या पुढे क्षिप्रेतल्या बेटावरच्या या महालाबद्दल सगळीकडे एकच वाक्य सापडतं: ‘1458 मध्ये नासिरुद्दीन खिलजीने बांधला.’ पण माळव्याचा हा सुलतान नासिरुद्दीन गादीवर आला 1500 मध्ये! कोणतं धरायचं? आणि बेट खाजगी मालकीचं, हे कागदावर कसं तपासायचं?

माळवी, इंदूर
शंका बरोबर आहे. 1458 हा पहिल्या महमूद खिलजीचा काळ (1436–1469). साल ठेवलंत तर नाव बदला, नाव ठेवलंत तर साल. दोन्ही एका वाक्यात बसत नाहीत.

माझ्या मते एकच तारीख शोधूच नका, थर वेगळे लिहा. आधी ब्रह्मकुंड आणि सूर्यमंदिराचं जुनं तीर्थ. त्यावर खिलज्यांचा जलमहाल. मग अकबर आणि जहांगीर यांच्या भेटी. त्यांचे फारसी लेख लांब पडवीत आहेत. पुढे पेंढाऱ्यांच्या काळात पडझड, आणि 1920 मध्ये माधवराव शिंद्यांनी केलेली दुरुस्ती. सूर्यमंदिरही शिंद्यांनीच सावरलं. आज दिसणाऱ्या घुमटाखालच्या वाड्याचं वर्णन ‘खिलजीकालीन’ एवढ्यावर थांबवलं, तर 1920 चं काम गाळल्यासारखं होतं.

नासिरुद्दीन दारूच्या नशेत इथल्या पाण्यात बुडून मेला, ही हकीकत जहांगीरची. ती त्याने शंभरावर वर्षांनी लिहिली, आणि बापाला विष दिल्याच्या आरोपावरून नासिरुद्दीनचा त्याला विलक्षण राग होता. तेव्हा ‘जहांगीर लिहितो’ हे दोन शब्द घालाच.

बंधारा
घराआधी पाणी बघा, कारण घर त्या पाण्यासाठीच उभं केलंय. नदी इथे दोन धारांत फुटते. एका धारेचं पाणी बंधाऱ्याने अडवून दगडी पाटांत घेतलंय. पाट कुठे सरळ, कुठे गोगलगायीच्या शंखासारखे वळलेले. वळणात पाण्याचा वेग मरतो, मग ते एका कुंडातून काठावरून पातळ पडदा होऊन खालच्या कुंडात उतरतं. यालाच लोक बावन्न कुंडं म्हणतात.

बिघडतं ते इथेच. पूर ओसरला की वळणात गाळ बसतो. वरचा एक पाट तुंबला की खालची कुंडं कोरडी पडतात, आणि पाणी सांध्यांतून झिरपत चुना सोडवतं. साफसफाई म्हणूनच वरून खाली करत यायची. खालून सुरू केली तर वरचा गाळ पुन्हा खालीच येतो.

एक गोष्ट टिपणात जरूर घ्या. 2016 च्या सिंहस्थाआधी इंदूरकडून येणाऱ्या कान्ह नदीचं पाणी उज्जैनच्या रामघाटाकडे येऊ नये म्हणून पिपल्या राघवपासून जलवाहिनी टाकली, ती कालियादेहच्या बाजूला सोडली. इंदूरचं सांडपाणी घाटांना चुकवून या बाजूला आलं, याचं मला फार वाईट वाटतं.

नकलनवीस
मालकीबद्दल. 28 मे 1948 ला संस्थानं मिळून मध्य भारत हे राज्य झालं, तेव्हा विलीनीकरणाच्या करारनाम्यानुसार राजांना खाजगी मालमत्तेची यादी द्यायची होती. सुरुवात त्या यादीपासून करा, मग तहसिलीतून मिसल बंदोबस्त (जमिनीच्या मोजणी-आकारणीची जुनी नोंद), खसरा (शेतवार क्रमांकांची नोंदवही) आणि नकाशा यांच्या नकला काढा. बेटाचे खसरा क्रमांक आणि नदीपात्राचा क्रमांक वेगळे लिहून घ्या: मध्य प्रदेश भू-राजस्व संहिता 1959 च्या कलम 57 प्रमाणे वाहतं पाणी शासनाचं. वाडा खाजगी असला तरी धार खाजगी होत नाही.

साल बदलताना घोळ होतो. विक्रम संवतातून चैत्र ते डिसेंबर 57 वजा, जानेवारी ते चैत्र 56. फारसी लेखाला: हिजरी × 0.97 + 622. उदाहरणार्थ हिजरी 1008 घातलं की 1599.8 येतं, म्हणजे अकबराच्या दक्षिण स्वारीचा काळ.

लष्करकर
फारच उपयोगी. थर वेगळे करूनच लिहितो. ग्वाल्हेर संस्थानच्या पुरातत्त्व खात्याचे अहवाल 1920 साठी चालतील का?

माळवी
तेच आधी बघा. खातं 1913 चं आणि प्रमुख मो. ब. गर्दे, म्हणजे दुरुस्तीच्या वेळी ते काम करतच होतं. त्या वर्षाच्या मागचा-पुढचा अहवालही घ्या, खर्च पुष्कळदा पुढच्या वर्षात नोंदलेला असतो.