सीजे-३बी जीप (पेट्रोल) वॉटर पंप बदलायचा हाय, कोणी केला असन तं सांगा

दर्यापूरचा_गडी
राम राम मंडळी. आमच्या घरी आबाजीच्या काळची महिंद्रा सीजे-३बी हाय, १९६९ ची, अन् अजून मूळच्या पेट्रोल इंजिनवरच हाय. आजूबाजूच्या सगळ्यायनं कधीचे डिझेल बसवून घेतले पण आबाजीनं कोणाचं ऐकलं नाई. रोज काई चालत नाई, वावरात चक्कर, लग्नाकार्याले, अन् पुसात बहिरमच्या यात्रेले (हंडीतलं मटन अन् रोडगे खाल्ल्याशिवाय साल जातच नाई आमचं).

आता झालं असं का पंख्याच्या मागून पाणी टपकून रायलं. उभी असली तं खाली जरासं ओलं दिसते, चालू केली का चर्र चर्र आवाज, अन् बंद गाडीत फॅन हातानं धरून हालवला तं चांगला डुगडुगते. वरून हे ऊन, ४५ च्या खाली काटा नाई, तं अकोटलोक जावाव म्हटलं तरी अर्ध्या रस्त्यात गरम. मिस्त्री म्हणते वॉटर पंप (इंजिनात पाणी फिरवते तो) गेला. तालुक्याच्या एका दुकानातून नवा आणला तं भोकंच जुळत नाई, अन् दुकानदार वापस घ्याले तयार नाई, म्हणते तुमचीच गाडी बरोबर नाई. आता काय बोलाव त्याले.

घरी बदलता येते का? रेडिएटर काढाव लागते का? जुनाच पंप दुरुस्त होते का?

परतवाडा_मिस्त्री
भाऊ तुमाले डिझेलचा पंप देल्ला त्यानं. महिंद्रा जीप म्हटलं का दुकानदार आंधळ्यावानी डिझेलवालाच काढून ठेवते कारण खपते तोच. तुमचं इंजिन विलीज कंपनीचं हरिकेन हाय, २.२ लिटरचं, एफ-हेड (मंजे एक वॉल्व वर हेडमधी, दुसरा ब्लॉकमधी). दुकानात जाताना तोंडी काईच सांगू नोका, जुना पंप खोलून पिशवीत टाकून न्या अन् काउंटरवर शेजारी शेजारी ठिवा. भोकं तं पाहाच, पण पुलीचा जो हब असते त्याची उंची बी स्केलनं मोजा. हब थोडा पुढं असला तं फॅन रेडिएटरले घासते, मागं असला तं बेल्ट वाकडा चालते अन् नवं बेअरिंग बी लवकर जाते.

खोलाचं काम घरी होते. गाडी थंडी पाह्यजे, गरम गाडीची कॅप खोलू नोका, तोंड भाजलेले लोकं पाह्यले मी. पाणी रेडिएटरच्या खालच्या कॉकातून काढा अन् ब्लॉकले बी एक कॉक असते तो बी खोला, नाईतं पंप ढिला केला का आंगावर येते. मंग डायनमोचा (बॅटरी चार्ज करते तो) बोल्ट ढिला करून बेल्ट काढा, फॅन काढा, होज (रबरी पाइप) काढा, पंपाचे बोल्ट काढा. रेडिएटर काढल्याशिवाय बी होते पण मी तं काढूनच घेतो, जागा भेटते अन् फॅन काढताना पाना रेडिएटरच्या जाळीवर आपटत नाई. तसाबी तो साफ कराचाच असते.

बोल्ट आठवणीनं रातभर डिझेलमधी भिजू द्या. ५० वर्साचा गंज हाय तो, पाइप लावून जोर केला तं बोल्टाचं डोकं हातात येते अन् मंग ड्रिल मारत बसा. सगळे आटे इंची हायत, मिलिमीटरचा बोल्ट दोन आटे जाते मनून पुढं रेटू नोका.

डिझेलवाला_७२
एवढी मगजमारी कायले, डिझेल टाकून मोकळं व्हा. पेट्रोलचा भाव पाह्यला का?

नागपूर_जुन्या_गाड्या
वरच्या दादांचं ऐकू नका प्लीज 🙏 १९६९ ची म्हणजे ५० वर्षं कधीच उलटली. २०२१ मध्ये केंद्राने विंटेज गाड्यांसाठी वेगळा नियम काढला, ५० वर्षांवरची गाडी मूळ स्वरूपात असली तर तिला ‘व्हीए’ सिरीजचा नंबर मिळतो, फी २० हजार आणि नोंदणी १० वर्षांची. चेसिस, बॉडी, इंजिन यात मोठा बदल केलेला नसावा ही अट आहे, म्हणजे आबाजींनी जे ऐकलं नाही तेच आज कामाला येतंय. फक्त एक, तो नंबर घेतला की गाडी रोजच्या वापराला चालत नाही, रॅली, प्रदर्शन वगैरेलाच. तुम्हाला वावरात फिरवायची असेल तर आधी विचार करा.

पंपाबद्दल, जुनी बॉडी चांगली असेल तर नवीन घेण्यापेक्षा तीच भरून घ्या, म्हणजे आतले भाग नवे टाकून घ्या, असं माझं मत. शाफ्ट आणि बेअरिंग एकत्रच येतं, सोबत सील, आणि आतला पंखा म्हणजे इंपेलर खाल्लेला असेल तर तो. बाजारात जे स्वस्त पंप येतात त्यांची ओतकाम क्वालिटी बघवत नाही.

तेल्हारा_खारपाण
मी दुसरंच विचारतो, गाडीत पाणी कोणतं टाकता?

दर्यापूर म्हणजे आपला खारपाणपट्टा, जमिनीतलं पाणीच खारं, पूर्णेच्या खोऱ्यातलं पाणी, अकोला अमरावती बुलडाणा तिन्ही जिल्ह्यात तेच रडगाणं. बोअरचं पाणी आपण पीत नाई, पिकाले देत नाई, अन् गाडीच्या रेडिएटरात मात्र बादलीनं ओततो. त्या क्षाराची खपली नळ्यायत बसते, तीच सुटून सीलमधी जाते अन् सीलचं तोंड घासून टाकते, बिडाचा इंपेलर गंजून कडा खाल्ल्या जातात. पंप नवा टाकला अन् पाणी तेच ठेवलं तं पुढच्या उन्हाळ्यात परत इथंच प्रश्न विचारसान. बॅटरीत टाकतो ते पाणी आणा, त्यात कूलंट मिसळा, रेडिएटरवाल्याकडून नळ्यायत सळई मारून घ्या. आतलं जुनं पाणी कसं निघते पाहा, चहाच्या रंगाचं.

अन् नव्या कारची १३-१५ पौंडाची कॅप जोरात चालते मनून बसवू नोका, या जुन्या रेडिएटरचं डाग काम तेवढं प्रेशर सोसत नाई.

दर्यापूरचा_गडी
पाणी बोअरचंच टाकतो 😅 दुसरं हाय कोठी.

पंप काढला आज. रेडिएटर बी काढला, मिस्त्रीभाऊचं ऐकलं. एक बोल्ट लय त्रास देत होता पण निघाला. पंपाच्या पोटाखाली एक बारीक भोक हाय, त्यात कोणीतरी एम-सील भरून बुजवून ठिवलं होतं, दगडावानी झालं होतं ते. आतून बेअरिंगाची ग्रीस नाईच, नुसता लाल गंज. इंपेलरच्या पात्या कडीकडून अर्ध्याच उरल्या. बॉडीले तडा दिसत नाई. ते भोक कायचं असते?

परतवाडा_मिस्त्री
तेच तं. सील थोडं गेलं का पाणी त्या भोकातून बाहेर टपकाव, बेअरिंगात जाऊ नाई मनून ठिवलेलं असते ते. कोणाले तरी वाटलं लिकेज हाय, बुजवून टाकलं, पाणी मंग गेलं सरळ बेअरिंगात. नवं सील बसल्यावर ते भोक तारेनं मोकळं करून ठिवा.

बॉडी चांगली हाय तं भरून घ्या. एक सांगतो, बेअरिंग बाहेर काढाच्या आधी त्याले अडवणारी स्प्रिंगची तार असते ती पहिले काढाव लागते, नवीन पोट्टे सरळ प्रेसखाली ठिवतात अन् बॉडी फुटते. हातोड्यानं तं बिलकुल नाई. इंपेलर बसवला का हातानं फिरवून पाहा, कोठीच घासला नाई पाह्यजे.

बसवताना ब्लॉकचं तोंड खरडून साफ, नवं पॅकिंग, दोन्हीकडं शेलॅकचा (पाझर रोखणारा चिकट लेप) पातळ हात, बोल्टाच्या आट्याले बी लावा म्हणजे तिथून पाझर येत नाई. बोल्ट आमोरासमोर थोडे थोडे आवळा. बेल्ट अंगठ्यानं दाबला का अर्धा इंच दबला पाह्यजे, वीणेच्या तारेवानी ताणला तं बेअरिंग गेलं समजा. होज बी बदला, खालचा होज आतून नरम झाला तं गाडी रेस केली का चपटा होते अन् गरम होते, मंग लोकं पंपालेच शिव्या देतात.

थर्मोस्टॅट (पाणी गरम झाल्यावर उघडणारा वॉल्व) हाय का काढून फेकला?

दर्यापूरचा_गडी
थर्मोस्टॅटच्या घरात जागा रिकामीच हाय, कोणीतरी काढला असन.

परतवाडा_मिस्त्री
घ्या नवा. बसवाच्या आधी पातेल्यात पाणी गरम कराले ठिवून त्यात तो टाका, पाणी उकळाच्या आधी उघडला तं चांगला. पंप घेऊन इकडं या, सोमवार सोडून कधीबी, प्रेस हाय माह्याकडं.

तेल्हारा_खारपाण
येता येता बॅटरीचं पाणी घेऊनच या, परत बोअरवर जासान 😄