पद्मिनी ऑइल गाळतेय, मिस्त्री म्हणतो इंजिन उतरवा

पार्लेकर_८२

मंडळी, जरा सविस्तर लिहितो, सांभाळून घ्या.

गाडी १९८२ ची प्रीमियर पद्मिनी. १०८९ सीसी पेट्रोल, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर. बाबांनी नंबर लावून काही वर्षं वाट बघितली तेव्हा कुठे मिळाली. निघाली कुर्ल्याच्या कारखान्यातून, जिथे आता कोहिनूर सिटी आहे. तिकडून जाताना गाडी हटकून एक गचका देते, माहेर आठवतं तिला, असं आमची ही म्हणते. बाबा गेले, गाडी माझ्याकडे आली. मी बँकेतला माणूस, पाना हातात धरला की लोक हसतात. रविवारी सकाळी पार्ले ते शिवाजी पार्क आणि परत, एवढीच तिची धाव.

दुखणं असं. तीन-चार महिन्यांपासून ऑइल गळतंय. आधी रुपयाएवढा डाग, आता सकाळी बघावं तर जेवणाच्या ताटाएवढा. दीडशे किलोमीटरमध्ये डिपस्टिक वरच्या खुणेवरून खालच्या खुणेवर. सोसायटीने गेल्याच वर्षी पेव्हर ब्लॉक बसवलेत, त्यावर पाऊस पडला की सप्तरंगी तवंग. सेक्रेटरी रोज मला लिफ्टमध्ये गाठतात. वॉचमन बिचारा फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा सरकवून ठेवतो.

पहिल्या मिस्त्रीने चेंबरचं, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीचं, पॅकिंग बदललं, वर सिलिकॉन असं थापलं की केकवरचं आयसिंग. पंधरा दिवस बरं होतं, मग पुन्हा तेच. दुसऱ्याने खाली वाकून दोन मिनिटं टॉर्च मारला आणि म्हणाला, "मागचं सील गेलंय साहेब, इंजिन उतरवायला लागेल. तीस हजार धरून चाला."

अजून माहिती: इंजिनामागच्या क्लच हाउसिंगच्या (क्लचच्या कवचाच्या) तळाशी थेंब लोंबतो. पुढचा भागही ओलसर. सिग्नलला थांबलं की करपट वास येतो. सायलेन्सरला निळा धूर नाही. ऑइलचा लाल दिवा पेटत नाही. ऑइल २०डब्ल्यू-४०. फेब्रुवारीत सर्व्हिसिंग केलं तेव्हा रेडिएटरचे होज, पेट्रोलची नळी वगैरे झाडून सगळी रबरं नवी टाकली, म्हणजे तो प्रश्न नसावा.

इंजिन उतरवू का? तीस हजारांपेक्षा भीती ही की एकदा उतरवलं की गाडी सहा महिने गॅरेजच्या कोपऱ्यात उंदरांना आंदण.

डोंबिवली_फास्ट_नाही

आधी हे ठरवा की ते इंजिन ऑइलच आहे. क्लच हाउसिंगखालचा थेंब गिअरबॉक्सचाही असू शकतो. बोटावर घेऊन वास घ्या. गिअर ऑइलला गंधकासारखा उग्र दर्प असतो, हाताला दिवसभर राहतो, आणि ते दाटही असतं. इंजिन ऑइल वापरलेलं असेल तर काळं, पातळ, करपट.

दुसरं, आधी गाडी धुवा. इंजिनाला चाळीस वर्षांचा चिकटा असेल तर त्यात गळती शोधणं म्हणजे चिखलात घाम शोधणं.

ईव्ही_मावळा

विकून टाका हो. त्या तीस हजारांत इलेक्ट्रिक स्कूटरचं डाउन पेमेंट होईल. ना ऑइल, ना गळती.

पार्लेकर_८२

@ईव्ही_मावळा, सल्ला उत्तम. आईला पण विचारून बघतो, तिचेही गुडघे करकरतात.

@डोंबिवली, वास घेतला. गंधक नाही, काळं आणि करपट आहे. म्हणजे इंजिनच.

काळीपिवळी

पार्लेकर साहेब, थांबा. इंजिन उतरवू नका.

आमचे अण्णा चाळीस वर्षं ग्रँट रोडला टॅक्सी बनवायचे, मी शाळा सुटली की त्यांच्या हाताखाली. शेवटची काळीपिवळी पद्मिनी ताडदेव आरटीओला २९ ऑक्टोबर २००३ ला पासिंग झालेली, वीस वर्षं भरली आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून धंद्यातून बाद. त्या दिवशी अण्णा जेवले नाहीत. असो. सांगायचं म्हणजे हे इंजिन आमच्या घरात भाताइतकं शिजलंय.

तुमच्या लिहिण्यात एक गोष्ट तुम्ही सहज टाकून दिलीत: फेब्रुवारीत झाडून सगळी रबरं बदलली. गळती कधीपासून? तीन-चार महिने. आता ब्रीदरची नळी बघा. इंजिनाच्या पोटातली वाफ बाहेर काढून एअर क्लीनरकडे नेते ती. तीही बदलली असणार. आणि बहुतेक गॅरेजवाले तिथे पाण्याचा होज कापून लावतात, कारण तो समोर पडलेला असतो. पाण्याचं रबर ऑइलच्या वाफेत फुगतं. बाहेरून नळी नवीकोरी दिसते, आतून भोक बंद.

पिस्टनच्या बाजूने थोडी हवा कायम खाली चेंबरमध्ये उतरते, नव्या इंजिनातही. तिला ब्रीदरमधून वाट नाही मिळाली तर ती पॅकिंगला पॅकिंग शोधत फिरते आणि जिथे नरम जागा मिळेल तिथून ऑइल ढकलते. म्हणून तुम्हाला पुढेही ओलं, मागेही ओलं. एकाच वेळी सगळी सीलं एका महिन्यात मरत नसतात. चेंबरचं पॅकिंग नवं घातल्यावर पंधरा दिवस का थांबलं आणि परत का आलं, तेही यात बसतं.

करून बघा: इंजिन गरम, न्यूट्रलला, स्लो चालू. ऑइल भरायचं झाकण सोडवून उलटं नुसतं तोंडावर ठेवा. झाकण नाचायला लागलं, भसाभस धूर आला, तर आत दाब आहे. आता ब्रीदरची नळी इंजिनाकडून काढा आणि परत तेच करा. झाकण शांत बसलं तर चोर नळी. नळी काढूनही नाचत राहिलं तर मात्र बॅक कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टनच्या रिंगा गेल्या, मग खर्च वेगळा. पण निळा धूर नाही म्हणताय, तर मला रिंगा वाटत नाहीत.

मागच्या सीलचं बोलायचं तर, गाडीत इंजिन जरा मागे झुकलेलं बसतं, शिवाय पंख्याचा वारा मागे. टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या पत्र्याच्या झाकणाच्या, मागच्या कोपऱ्यातून ऑइल पाझरलं तरी ब्लॉकवरून ओघळत क्लच हाउसिंगखालीच थेंब धरतं. खालून टॉर्च मारणाऱ्याला ते मागचं सीलच दिसणार. वरून कोण बघतो? फायर वॉलमध्ये मान घालायला लागते.

आणि ते आयसिंग! जेवढं सिलिकॉन बाहेर आलंय तेवढंच आतही गेलंय. त्याचे दाणे सुटून ऑइल पंपाच्या जाळीवर बसले तर लाल दिवा खरंच पेटेल. पुढच्या वेळी चेंबर उघडाल तेव्हा जाळी साफ करून घ्या.

पार्लेकर_८२

काळीपिवळी, तुमच्या अण्णांना दंडवत. रविवारचा वृत्तांत.

सकाळी सात वाजता सुरुवात, म्हणजे सेक्रेटरी मॉर्निंग वॉकला गेल्यावर. इंजिन थंड होतं. डिस्ट्रिब्युटरवर प्लास्टिकची पिशवी बांधली, खाली जुन्या चादरी अंथरल्या, रॉकेलऐवजी डिझेल आणि रंगाचा जुना ब्रश. दोन तास घासलं. मुलगी सातवीत आहे, ती आधी मोबाइलवर बघत बसली होती, नंतर तिनेच दुसरा ब्रश घेतला. चिकट्याखालून ब्लॉकचा मूळ रंग निघाला तेव्हा मला उगाच बाबांची आठवण झाली. मग साबणपाण्याने पुसून, सगळं सुकवून, घरातली टाल्कम पावडर पफने थापली. टॅपेट कव्हरची कड, इंजिनाच्या पुढचं टायमिंग कव्हर, पेट्रोल पंपाची बैठक, ब्लॉकच्या दोन्ही बाजू, क्लच हाउसिंगचा सांधा. इंजिन लग्नाला निघाल्यासारखं दिसत होतं. पंख्याच्या पट्ट्यापासून पफ लांब ठेवायचा एवढं कुणीतरी आधीच सांगायला हवं होतं. पफ गेला.

दहा मिनिटं चालू ठेवलं. पावडरीत पहिली काळी रेघ उमटली ती टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यात, ड्रायव्हरच्या बाजूला. तिथून खाली अशी सरळ ओघळली की नकाशावरची नदी. क्लच हाउसिंगचा सांधा पूर्ण कोरडा, पांढरा शुभ्र. दुसरी रेघ बारीक, पुढे क्रँक पुलीच्या मागे.

मग झाकणाचा प्रयोग. झाकण नाचलं नाही, उडालंच, आणि बॅटरीमागे जाऊन पडलं. ब्रीदरची नळी काढली आणि परत ठेवलं, तर नुसतं थरथरत राहिलं, हलका धूर. नळीत फुंकर मारून बघितली तर गालच फुगले, पलीकडे वारा नाही. उभी कापली. आतलं रबर साबुदाण्याच्या खिचडीसारखं चिकट, फुगलेलं, मधे काडेपेटीची काडीसुद्धा जाईना. वर छापलेलं: पाण्याची नळी.

ऑपेरा हाऊसला स्पेअर पार्टच्या बाजारात जाऊन ऑइलला चालणारी नायट्राइल रबराची नळी घेतली, फुटाच्या भावाने. टॅपेट कव्हरचं कॉर्क पॅकिंगही तिथेच मिळालं, पण चौथ्या दुकानात. पहिल्या तिघांनी "पद्मिनी?" असं विचारलं, जणू मी घोड्याचे नाल मागत होतो.

आता कॉर्क कसं बसवायचं ते सांगा. मिस्त्रीकडे जायची हिंमत नाही, आणि आता इच्छाही नाही.

काळीपिवळी

वा! पत्र्याचं कव्हर काढल्यावर आधी त्याची कड बघा. नट आवळून आवळून नटाच्या जागी पत्रा आत वाकलेला असतो आणि मधे कमान येते. सपाट लाकडी फळीवर ठेवून लहान हातोडीने हळूहळू सरळ करा. ही पायरी कोणी करत नाही, म्हणून दर वर्षी कॉर्क बदलतात.

जुनं पॅकिंग खरवडताना हेडच्या तोंडावर चिंधी घाला, तुकडा आत पडू देऊ नका. शेलॅक (पॅकिंग चिकटवायची लाख) फक्त कव्हरच्या बाजूला, पातळ हात. हेडच्या बाजूला काही नाही, कोरडं. म्हणजे पुढच्या वेळी टॅपेट सेट करायला कव्हर काढाल तेव्हा पॅकिंग कव्हरबरोबर उठून येईल. शेलॅक सुकू द्या, मग बसवा. नट एका दमात आवळायचे नाहीत. हाताने, मग पान्याने थोडा थोडा, आळीपाळीने. कॉर्क बाजूला फुगून बाहेर दिसायला लागलं की आधीच जास्त झालंय. एकदा गाडी गरम करून थंड झाली की परत एक पाव फेरा.

लेथवाले_काका

पुढच्या गळतीबद्दल. घाटकोपरला माझं लेथचं काम आहे. टायमिंग कव्हरमधलं सील ज्या पुलीच्या बॉसवर (मधल्या गोल दांड्यावर) घासतं तिथे बोटाचं नख फिरवून बघा. नख अडकलं तर सीलच्या ओठाने खाच पाडली आहे. नवं सील त्याच खाचेत बसलं तर महिन्यात पुन्हा गळेल. नवं सील दाबताना दीड-दोन मिलिमीटर पुढे-मागे बसवता आलं तर ओठ कोऱ्या जागेवर येतो. नाहीतर पुली आणून द्या, बॉस टर्न करून वर बुश चढवून मूळ मापाला आणता येतो. घाई नाही. ब्रीदर मोकळा झाल्यावर ती गळती किती उरते ते आधी बघा, मग पुली काढा.

पार्लेकर_८२

उशिरा लिहितोय, क्वार्टर एंड होता.

कव्हरची कड खरंच बोटभर वाकली होती. पाटावर ठेवून सरळ केली, पोळपाट मिळाला नाही (मागितला होता). कॉर्क, शेलॅक, सगळं सांगितल्याप्रमाणे. त्यानंतर पाच रविवार झाले. शिवाजी पार्कला पाच फेऱ्या आणि मध्ये एकदा ठाण्याला लग्नाला. डिपस्टिक एखादी सुतभर खाली गेली असेल. करपट वास गेला. क्लच हाउसिंगखाली हात फिरवला तर हात कोरडा.

खर्च: नळी, कॉर्क, शेलॅकची डबी, पावडरीचा डबा आणि एक पफ, सगळं मिळून नऊशेच्या आत.

पुलीवर नख अडकतं, काका. अगदी स्पष्ट खाच आहे. पण आता रात्रीत दोन-तीन थेंब पडतात, जास्त नाही. बाबांची डायरी डॅशबोर्डच्या खणात अजून आहे, त्यात पेट्रोल, ऑइल, हवा सगळं लिहिलेलं. १९८९ च्या पानावर दिसलं: "पुढून थोडे ऑइल. चालेल." म्हणजे ती खाच माझ्याइतकीच जुनी असावी. पावसाळा संपल्यावर पुली घेऊन घाटकोपरला येतो, तोवर चहाचा जुना स्टीलचा ट्रे खाली सरकवून ठेवलाय. वॉचमनने पुठ्ठा परत मागितला, त्याच्या खुर्चीखाली घालायला.

@काळीपिवळी, अण्णा पार्ल्याच्या बाजूला कधी येणार असतील तर कळवा. एक फेरी त्यांनी चालवायची, मी शेजारी बसेन.

काळीपिवळी

विचारलं. म्हणाले, गिअर दांड्यावरच आहे ना, की काढून खाली केलाय? दांड्यावर असेल तर येतो.

पार्लेकर_८२

दांड्यावरच आहे.